म्हाताऱ्या मांजराचा ट्रे, माती आणि वास काढणाऱ्या बाटल्या: बेळगाव भागातल्या घरांसाठी पारख

पेट शॉपमधल्या मांजरांच्या फडताळावर जे मांडलेलं असतं ते बहुतेक तरण्या मांजराचा विचार करून बनवलेलं असतं. शी-शू करायचे उंच कडांचे ट्रे, झाकणाचे डबे, लॅव्हेंडरच्या वासाची लिटर (ट्रेमध्ये घालायची माती), जाड गोळ्यांचा भुसा. दोन-तीन वर्षांच्या मांजराला यातलं काहीही चालतं. तेरा वर्षांच्या मांजराला बरंचसं चालत नाही, आणि दुकानदाराला ते ठाऊक असेलच असं नाही. जन्मभर परड्यात जाऊन, माती उकरून, झाकून परत येणारं मांजर एकाएकी सोप्यातल्या गादीवर नाहीतर कपाटामागं शू करायला लागलं की माणसं घाईनं एक ट्रे, एक पिशवी आणि एक सुवासिक स्प्रे घेऊन येतात. आठवड्यानं वास तसाच, मांजरही तसंच.

म्हणून इथं प्रत्येक वस्तू एकाच कसोटीवर लावली आहे: दहा वर्षांवरचं, सांधे धरलेलं, थोडं जास्त पाणी पिणारं मांजर ती वापरेल का, आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या घरात, इथल्या फरशीवर आणि इथल्या पावसात ती टिकेल का.

खरेदीआधी दोन दिवस बघा

मांजर रागानं किंवा सूड म्हणून घाण करत नाही. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे काढून पाहिले तेव्हा दहातल्या नऊंच्या सांध्यांत झीज सापडली आहे. मांजर लंगडत नाही म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. ते फक्त ओट्यावर उडी मारायचं बंद करतं, जिना एकेक पायरी थांबत उतरतं. दुसरं कारण मूत्रपिंडाचं. चार किलोचं निरोगी मांजर दिवसाला साधारण ८० ते १६० मिली लघवी करतं. मूत्रपिंड थकलं किंवा मधुमेह झाला की हे प्रमाण दुप्पट होऊ शकतं. ट्रे तोच, पण दुपारीच भिजून जातो, आणि ओल्या मातीत पाय घालायला मांजर तयार नसतं.

इथं तिसरं कारण पाऊस. जून ते सप्टेंबर परड्याचा चिखल होतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर विचारायलाच नको. तरणं मांजर वळचणीखालून, भिंतीवरून कोरडी जागा गाठतं. म्हाताऱ्याला ते झेपत नाही, मग ते घरातली कोरडी आणि मऊ जागा निवडतं. परड्यात जायची सवय असलेल्या मांजराला घरातला ट्रे मे महिन्यातच दाखवून ठेवावा. पहिल्या पावसाच्या रात्री आणलेला ट्रे त्याच्यासाठी परका असतो.

घाण कुठं पडते यावरून काय विकत घ्यायचं ते ठरतं. ट्रेला लागूनच बाहेर मोठं थारोळं असेल तर कड उंच आहे किंवा ट्रे लहान आहे. वाकळ, गादी, धुवायच्या कपड्यांचा ढीग असं मऊच निवडत असेल तर पायाखालची माती टोचते आहे किंवा लघवी करताना दुखतं आहे. लघवी ट्रेमध्ये आणि शी बाहेर, हे बद्धकोष्ठ आणि कंबरेच्या सांध्यांचं लक्षण. शी करायला जास्त वेळ पाठ वाकवून उभं राहावं लागतं आणि ते सहन होत नाही. भिंतीवर, दाराच्या चौकटीवर वीतभर उंचीवर थोडीशी पिचकारी असेल तर तो वेगळाच मामला आहे: शेपटी थरथरवत उभ्यानं केलेली खूण. ती बहुधा बाहेरच्या बोक्यामुळं असते आणि तिला ट्रे बदलून उतार पडत नाही. फक्त रात्रीच होत असेल तर अंधार आणि अंतर यांचा विचार करा. झीरोचा एक बल्ब ट्रेजवळ लावून बघणं हा सगळ्यांत स्वस्त प्रयोग आहे.

ट्रे

बाजारातल्या ट्रेंमध्ये दोन दोष हमखास असतात: लांबी कमी आणि कड उंच. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट लांबी हवी. साधारण मांजर ४५ सेंटिमीटर धरलं तर ट्रे ६५ ते ७० सेंटिमीटर लांब लागतो. दुकानात मिळतात ते बरेचसे ४० ते ५०चे. म्हातारं मांजर नीट वळू शकत नाही, पुढचे पाय आत घालून उभं राहतं आणि मागचा भाग बाहेर राहतो. त्याच्या हिशोबानं ते ट्रेमध्येच असतं.

कड ७ सेंटिमीटरच्या वर नको. फार आखडलेल्या मांजराला ४ सुद्धा जड जाते. झाकणाचे आणि फडकी लावलेले डबे या वयात नकोतच. आत अमोनिया कोंडतो, डोकं वाकवून शिरावं लागतं, आणि घरात दुसरं तरणं मांजर असेल तर एकच दार असल्यामुळं म्हातारं आत कोंडलं जातं.

बांधकामाचं प्लास्टिकचं घमेलं पुष्कळ घरांत वापरलं जातं. मजबूत आहे, धुवायला सोपं आहे, पण ट्रे म्हणून पसंत करता येत नाही. तोंडाशी ४०-४५ सेंटिमीटर, तळ त्याहून लहान, कड उतरती आणि उंच. मांजर कडेवर पाय टाकतं तेव्हा ते कलंडतं. खानापूरकडच्या कच्च्या मातीच्या पसरट भांड्यांचंही तेच. दिसायला योग्य उंचीची, पण झिलई नसलेली माती लघवी पिते आणि मग कितीही घासलं तरी वास सोडत नाही.

सगळ्यांत चांगलं काम करतो तो भांड्यांच्या दुकानातला कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा बॉक्स, ६५ बाय ४५ सेंटिमीटरच्या आसपासचा, झाकण बाजूला काढून. तीन बाजू २५-३० सेंटिमीटर उंच राहू द्या, म्हणजे उभ्यानं लघवी करणाऱ्या मांजराची धार बाहेर जात नाही. चौथ्या, म्हणजे आखूड बाजूला तळापासून ६ सेंटिमीटरवर २५ सेंटिमीटर रुंद खाच कापा. मार्करनं आखून, कोपऱ्यांवर तापवलेल्या सळईनं भोकं पाडा आणि हॅक्सॉच्या पात्यानं भोकापासून भोकापर्यंत कापा. कोपरे गोल ठेवा. काटकोनात कापलं तर प्लास्टिक तिथून तडकत जातं. कापलेली धार पॉलिश पेपरनं घासा आणि तिच्यावर बागेचा अर्ध्या इंची पाइप उभा चिरून चढवा. हा पाइप महत्त्वाचा आहे: धार पोटाला लागली की मांजर त्या ट्रेकडं पुन्हा फिरकत नाही. चढताना अडखळत असेल तर समोर ४० सेंटिमीटर लांब फळी तिरपी टेकवा आणि तिच्यावर काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा खिळ्यांनी ठोका. नुसती गुळगुळीत फळी नको.

अगदी हालचाल मंदावलेल्या मांजरासाठी मेडिकल दुकानातले अंथरुणावरच्या रुग्णांचे अंडरपॅड घ्या, ६० बाय ९० सेंटिमीटरचे. पेट शॉपमधले पपी पॅड बहुधा याहून लहान असतात आणि काम तेच करतात. एक अंडरपॅड ट्रेच्या खाली अशा रीतीनं अंथरा की दाराकडच्या बाजूला दोन वीत बाहेर येईल. चुकलेली लघवी तिथंच अडते आणि फरशी वाचते. ट्रेपेक्षाही या वस्तूनं घरातला त्रास कमी होतो.

एका मांजराला दोन ट्रे, दोन मांजरांना तीन. माडी असेल तर वर एक, खाली एक. जुन्या घरांत सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मग परडं अशी एकामागोमाग रचना असते, आणि ट्रे बहुतेक वेळा न्हाणीत ढकलला जातो. न्हाणी ओली असते, बादल्या आपटतात, बंब पेटतो. सांधे धरलेलं मांजर ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय टाकायला भितं. ट्रे माजघराच्या कोपऱ्यात, मांजर झोपतं तिथून चार-पाच मीटरच्या आत ठेवा. जेवणाच्या वाटीजवळ मात्र नको. हिवाळ्यात तो उघड्या पडवीत ठेवू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, डिसेंबरातल्या पहाटेच्या गारठ्यात आखडलेलं मांजर पांघरूण सोडून तिथवर जाणार नाही. मांजरानं स्वतःच एखादा कोपरा धरला असेल तर ट्रे आधी तिथंच न्या. नियमित वापर सुरू झाल्यावर रोज वीतभर सरकवत हवा तिथं आणा. घाईनं सरकवला की काम पहिल्यापासून.

माती, म्हणजे लिटर

बारीक दाण्याची, बिनवासाची, गठ्ठे धरणारी बेंटोनाइट लिटर या यादीत पहिली. बेंटोनाइट ही पाणी प्यायल्यावर फुगणारी चिकणमाती. आपल्याकडं ती मुख्यतः गुजरातेत, कच्छ भागात निघते. मांजराच्या पायाला ती परड्यातल्या भुसभुशीत मातीसारखी लागते, आणि म्हाताऱ्या मांजराला नवीन काही शिकवण्यापेक्षा जुन्या सवयीजवळचं देणं केव्हाही सोपं.

पिशवी घेताना वासाची घेऊ नका. माणसाच्या नाकाला सुखावणारा लॅव्हेंडर मांजराच्या नाकाला भपकारा वाटतो. घरी आणल्यावर कसोटी घ्या: वाडग्यात चार सेंटिमीटर थर करून ३० मिली पाणी एका जागी ओता, पंधरा मिनिटं थांबा, चाळणीच्या कलथ्यानं उचला. गठ्ठा अखंड निघून फूटभर उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडेच झाले तर माल चांगला. तळाशी चिखल चिकटून राहिला तर तो पोतं भरून स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. तळाचा तोच थर दोन दिवसांत वास मारायला लागतो. धूळही बघा: उन्हाच्या कवडशात एक कप फूटभर उंचीवरून ओतल्यावर ढग तरंगत राहिला तर दमा असलेल्या मांजराला आणि माणसाला दोघांनाही तो त्रास.

फिक्या रंगाची माती मिळाली तर ती घ्या. गुलाबी छटा, म्हणजे लघवीतलं रक्त, गडद मातीवर दिसतच नाही.

६५ बाय ४५च्या बॉक्सला पाच किलोच्या दोन पिशव्या लागतात. त्यातून जेमतेम चार सेंटिमीटरचा थर होतो, आणि म्हाताऱ्या मांजराला तेवढाच हवा. पिशवीवर सात-आठ सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण खोल मातीत दुखरे पाय रुततात, तोल जातो. गठ्ठे दिवसातून दोनदा काढा, काढलेली तेवढी माती वर टाका. या भरतीसाठी निरोगी मांजराला महिन्याला पाच ते आठ किलो पुरते. जास्त पाणी पिणाऱ्याला दहा-बारा सहज. महिन्यातून एकदा सगळी माती टाकून ट्रे साध्या भांड्याच्या साबणानं धुवा आणि उन्हात वाळवा. मातीचे गठ्ठे संडासात किंवा गटारात टाकू नका. ते फुगून पाइप तुंबवतात. भाजीच्या वाफ्यातही नकोत. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. त्याची विष्ठेतली अंडी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजच्या रोज शी उचलणं हाच खरा बचाव, आणि घरात गरोदर बाई असेल तर ट्रेचं काम दुसऱ्यानं करावं.

परड्याची सवय मोडत नसेल तर वरून दोन मुठी परड्यातलीच तांबडी माती टाका, दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवून. बऱ्याचदा एवढ्यावर मांजर ट्रे उकरायला लागतं. रोज थोडी कमी करत आठ-दहा दिवसांत बंद करा.

टोफू लिटर, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याची, वजनाला हलकी आणि धूळ कमी. वयस्क माणसांना पिशवी उचलायला ती सोयीची, आणि खोकणाऱ्या मांजरालाही बरी. दाणे लांबुडके असले तरी मऊ असतात. अडचण पावसाळ्याची. उघडी पिशवी जुलैत दमट होते, ट्रेमधल्या थराला बुरशी धरते, मुंग्या लागतात. नोव्हेंबर ते मे चांगली, पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवणं जमत असेल तरच. संडासात टाकता येते असं पाकिटावर असतं. शोषखड्डा असलेल्या घरात तो प्रयोग करू नका.

सिलिका क्रिस्टल वास चांगला धरतात, पण खडे टोचतात आणि पायाखाली कचकचतात; दुखऱ्या पायाच्या मांजरासाठी नाहीत. लाकडाच्या जाड गोळ्यांचंही तसंच.

आता या भागात फुकट किंवा स्वस्तात मिळणाऱ्या गोष्टी. नदीची बारीक वाळू मांजराला आवडते, पण ती लघवी धरत नाही. सगळी तळाला जाते, आणि वाळू रोज बदलावी लागते. दोन-चार दिवसांची सोय म्हणून ठीक. चुलीची राख पुष्कळ ठिकाणी वापरतात आणि ती बंद करायला हवी: राख भिजली की अल्कली तयार होते, पंजे भाजतात, आणि मांजर तेच पंजे चाटतं. भाताचं तूस खानापूर भागात हवं तेवढं मिळतं, पण त्यात सिलिका असते, ते खरखरीत असतं आणि पाणी जवळजवळ पीत नाही. करवतीच्या गिरणीतला भुसा चाळून, बारीक पावडर काढून टाकली तर चालतो. मात्र कुठल्या लाकडाचा आणि त्याला वाळवीचं औषध मारलेलं होतं का, हे विचारल्याशिवाय आणू नका. उसाच्या चिपाडाचा भुगा मुंग्यांना आमंत्रण. आणि निपाणीच्या बाजूला तंबाखूची रिकामी पोती ट्रेखाली किंवा मांजराच्या अंथरुणाला घालण्याची चूक कधीही करू नका. निकोटिन मांजराला विष आहे. पिसवांवर तंबाखूचं पाणी लावणंसुद्धा जिवावर बेतू शकतं.

वासाच्या बाटल्या

मांजराच्या लघवीत युरिया असतो, तो जिवाणूंमुळं अमोनिया होतो; तो वास पहिल्या दिवशीचा. त्याखेरीज यूरिक ॲसिडचे स्फटिक उरतात, जे साध्या पाण्यात फारसे विरघळत नाहीत. फरशी पुसून वास गेल्यासारखा वाटतो आणि पावसाळी दमट हवेत तोच कोपरा पुन्हा मारायला लागतो, तो या स्फटिकांमुळं. आपल्याला येत नसला तरी मांजराला तो वास येतो आणि ते पुन्हा तिथंच बसतं.

इथं उपयोगी एकच प्रकार: एन्झाइम, म्हणजे डागातले घटक मोडणारी द्रव्यं, असलेला पेट स्टेन क्लीनर. लेबलावर एन्झाइम किंवा जिवाणू-कल्चरचा उल्लेख हवा. नुसतं ओडर रिमूव्हर लिहिलेल्या बाटलीत पुष्कळदा फक्त अत्तर असतं. हे क्लीनर वाईट ठरतात ते वापरणाऱ्याच्या घाईमुळं. वरून चार फवारे मारून पुसलं तर काहीच होत नाही. आधी जुन्या सुती कापडानं दाबून जेवढी टिपता येईल तेवढी लघवी टिपा, घासू नका. साध्या पाण्याचा एक हात द्या. मग जेवढी लघवी पडली असेल त्याच्या दुप्पट क्लीनर ओता: एका थारोळ्याला ३० ते ५० मिली लघवी धरली तर १०० मिली. म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली पाच डागांची. फरशीवर अर्धा तास, कापसात रात्रभर, वरून प्लास्टिकचा कागद टाकून ओलं राहू द्या, नंतर हवेवर वाळू द्या. आधी साबण, फिनाईल किंवा ब्लीच लावलेलं असेल तर जागा दोन-तीनदा पाण्यानं धुऊन घ्या. त्यांचा अंश राहिला तर एन्झाइम निकामी होतात. गरम पाणीही नको. जुने डाग शोधायला ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च रात्री दिवे बंद करून फिरवा. डाग पिवळट-हिरवट चमकतात. आपल्या अंदाजापेक्षा दुप्पट जागा सापडतात, आणि त्या राहून गेल्या की बाकीची मेहनत फुकट जाते.

फरशीप्रमाणं वागा. बेळगावच्या जुन्या घरांतली शहाबादी आणि काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं ॲसिड पडलं की दगड खातो, बारीक खड्डे होतात आणि पुढच्या वेळी लघवी तिथं जास्तच मुरते. मोझॅकचंही तेच. घरी गूळ, लिंबू-मोसंबीच्या साली आणि पाणी १:३:१० प्रमाणात तीन महिने आंबवून केलेलं बायो-एन्झाइम हल्ली खूप घरांत असतं. ते आंबट, म्हणजे ॲसिडच आहे; भांडी-सिंकला छान, पण शहाबादीवर नको, आणि लघवीच्या डागावर ते बाजारच्या एन्झाइम क्लीनरची जागा घेत नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीत कुठलाच क्लीनर पुरा पडत नाही. तेवढ्या भागाची दोन-तीन सेंटिमीटर माती खणून काढून नव्यानं सारवणं हाच मार्ग.

कापसाची गादी आतवर भिजली असेल तर उन्हाळ्यातच वाचवता येते. पावसाळ्यात ती चार-चार दिवस वाळत नाही आणि बुरशी येते. त्या चार महिन्यांत गादी माळ्यावर, आणि मांजराला धुता येणारी वाकळ, खाली मेणकापड. वाकळ आधी गार पाण्यात एन्झाइम घालून तासभर भिजवा, मग नेहमीसारखी धुवा.

क्लीनर हाताशी नसेल तर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडं ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. डागावर खाण्याचा सोडा भुरभुरा, त्यावर अर्धा लिटर पेरॉक्साइडमध्ये एक चमचा भांड्याचा लिक्विड साबण घालून ओता, पंधरा मिनिटांनी टिपा. रंगीत कापडाचा रंग उडतो, आधी कोपऱ्यात लावून बघा. मिश्रण बाटलीत भरून बूच लावून ठेवू नका, बाटली फुगून फुटते.

फिनाईल, काळं किंवा पांढरं, मांजर असलेल्या घरात वापरू नये. मांजराचं यकृत फिनॉल जातीची रसायनं नीट निकामी करू शकत नाही, आणि पुसलेल्या फरशीवरून चाललेले पंजे ते चाटणारच. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणाऱ्या अँटिसेप्टिकचंही तेच. ब्लीच लघवीवर ओतलं तर अमोनियाशी मिळून विषारी वायू सुटतो, बंद न्हाणीत हे माणसालाही धोक्याचं. कोपऱ्यात डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे, पण दोन्ही मांजराला विषारी. निलगिरी, गवती चहाची तेलंही नकोत.

इतर वस्तू

फेलिवेसारखे फेरोमोनचे, म्हणजे मांजराला शांत करणाऱ्या गंधाचे प्लग-इन, भिंतीवर खुणा करणाऱ्या किंवा नव्या मांजरामुळं बिथरलेल्या मांजराला काही वेळा मदत करतात. एक बाटली साधारण महिनाभर, ५० ते ७० चौरस मीटरला. कौलारू, वारा खेळणाऱ्या घरात त्याचा परिणाम पातळ होतो, आणि सांधेदुखीवर किंवा मूत्रपिंडावर त्याचा काहीच इलाज नाही. शेवटची खरेदी म्हणून ठेवा. स्वयंचलित ट्रे: दार उंच, मोटरचा आवाज, नको. मांजराचे डायपर फक्त कंबरेखालचा भाग निकामी झालेल्या मांजरासाठी, तेही दर चार-पाच तासांनी बदलून आणि कातडी कोमट पाण्यानं पुसून; नाहीतर लघवीनं कातडी भाजते.

दवाखान्याची सेवा

नुकतीच सुरू झालेली सवय असेल तर या सगळ्याआधी लघवीची तपासणी. तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त असतं. तिथं तपासून घ्याच, पण मांजराच्या रक्ताच्या तपासण्या कुठं होतात हे फोनवर विचारून मग निघा. मागायच्या गोष्टी ठरलेल्या: लघवीची विशिष्ट घनता (लघवी किती दाट आहे ते), लघवीत साखर आणि रक्त, रक्तात क्रिएटिनिन आणि जमल्यास एसडीएमए (दोन्ही मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या तपासण्या), थायरॉइडसाठी टी-फोर, आणि रक्तदाब. घनता १.०३५च्या खाली आली तर मूत्रपिंडाकडं लक्ष द्यायला हवं. साखर एकदाच वाढलेली दिसली म्हणून मधुमेह ठरवू नका; भेदरलेल्या मांजराची साखर दवाखान्यात आपोआप चढते. काही आठवड्यांची सरासरी साखर दाखवणारी फ्रुक्टोसामिनची तपासणी त्यासाठीच असते.

नमुना घरी घेता येतो. ट्रे धुऊन कोरडा करा, मातीऐवजी मत्स्यपेटीत घालायचे धुतलेले खडे पातळ पसरा, ते लघवी पीत नाहीत. मांजरानं केल्यावर सिरिंजनं पाच मिली ओढून मेडिकलमधल्या निर्जंतुक डबीत घाला. तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी.

डॉक्टरांना तोंडी हकिकत सांगण्याऐवजी सात दिवसांची वही न्या: रोज किती गठ्ठे, त्यांचा आकार लिंबाएवढा की संत्र्याएवढा, शी किती वेळा, पाणी किती प्यायलं. वाटीत सकाळी मोजून ओता आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. किलोमागं १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे चार किलोच्या मांजरानं ४०० मिली, तर ते निश्चित जास्त. औषधाचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर निघण्याआधी मात्रा मिलीमध्ये आणि वेळा आकड्यांत लिहून घ्या. चमचा आणि थेंब यांच्या गोंधळानं चुका होतात. सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं तर मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का हे विचारा. घरातली पॅरासिटामॉल कधीही नाही, अर्धी गोळीसुद्धा. मांजराच्या रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच ती मारते.

बोका असेल तर आणखी एक गोष्ट पाठ ठेवा. तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये किंवा कोपऱ्यात बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटतो आणि माती कोरडीच राहते. हे बद्धकोष्ठ समजून तेल पाजू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि मग एक-दोन दिवसांत जीव जातो. पोट दाबून बघू नका, फुगलेलं मूत्राशय फुटू शकतं. रात्री दहाला लक्षात आलं तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना फोन करा, पिंजऱ्यात घाला आणि निघा.